मालिंत्सीबाईचा कंगवा

फिलेमोनच्या गावात पावसाशी बोलायचा मान त्या एकट्याचा. कारण विशीत त्याच्या अंगावर वीज पडली आणि तो मेला नाही. एवढीच काय ती पात्रता. तेव्हापासून एक्केचाळीस वर्षं, मका वीतभर झाला की मालिंत्सीचा डोंगर चढायचा आणि शिखराखालच्या कपारीत फिती, आरसा, कंगवा ठेवून यायचं. मालिंत्सी ज्वालामुखी असली तरी बाईमाणूस. तिने केस विंचरले तर पाऊस. नाहीतर गारा, आणि मका आडवा.

यंदा गुडघे संपावर गेले. जंगल कसंबसं पार पडलं, पण पुढे वाळूचा चढ. दोन पावलं वर टाकली की दीड खाली. फिलेमोन तिथेच बसला. निघताना बायको, एउलालिया, म्हणालीच होती, "दुसऱ्या कुणाला धाडा की."

"कुणाला? पोरांना विजेखाली उभं करू?" तो उखडला होता.

इतक्यात शहरातल्या गिर्यारोहकांचा घोळका आला. त्यातली रेनाता नावाची मुलगी थांबली. "आजोबा, पाणी देऊ?"

"वीज पडलीय का कधी तुझ्यावर?"

"अजून तरी नाही," ती हसली.

"मग जमायचं नाही."

पण ढग जमत होते आणि गुडघे हलत नव्हते. शेवटी त्याने पिशवी पुढे केली. "शिखराच्या अलीकडे काळी कपार आहे. आत ठेव. म्हणावं, फिलेमोनचे पाय गेले, मन नाही."

"एवढंच ना? द्या इकडे."

तीन तास तो मुंग्यांएवढ्या माणसांकडे बघत बसला. रेनाता उतरली ती घामाघूम, खुशीत.

"कपार सापडली, आजोबा! पण हे राष्ट्रीय उद्यान आहे ना, वर काही टाकून यायला बंदी आहे. म्हणून फोटो काढला आणि तुमचं परत आणलं. आणि काय घाण केलीय हो लोकांनी तिथे! सगळी गोळा केली."

तिने पाठीवरची पिशवी उपडी केली. विटलेल्या फिती, तडकलेले आरसे, कंगवे. फिलेमोनने एकेक ओळखला. निळा दुष्काळाच्या वर्षीचा, दात पडलेला धाकटीच्या लग्नाच्या वर्षीचा.

ओरडावं, तर पोरगी शाबासकीची वाट बघत उभी.

"दमलीस गं," तो म्हणाला.

ती गेली. खाली वीतभर मक्याची हिरवी शेतं, वर बाईच्या डोक्यावर पिंजारलेले काळे ढग. फिलेमोन उठायला गेला आणि परत बसला. मग त्याने नवा कंगवा उचलला आणि बसल्या जागेवरून ढगांकडे हात करून हवेतच दोनदा फिरवला.

पहिली गार त्याच्या टोपीवर आपटली. बाईचा नेम चांगला होता.