खंड्याचे तीस फोटो

तळ्याकाठच्या फांदीवरून खंड्याने पाण्यात सूर मारला आणि माझ्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याने सेकंदभरात तीस फोटो टिपले. घरी मोठे करून पाहिले, तर चोचीतल्या माशाचे खवलेसुद्धा स्पष्ट दिसले. तरी जीव थाऱ्यावर नाही. चोच पाण्याला टेकते तो क्षण नेमका दोन फोटोंच्या मधे निसटलाय. याहून वेगवान कॅमेरा घ्यायलाच हवा, असं मनात येतं आणि माझा मलाच राग येतो. कारण तेव्हा शेजारी रिकाम्या हातांनी बसलेली बायको हरखून म्हणाली होती, “अरे, पाहिलंस?”

आणि मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकत म्हणालो होतो, “थांब, बघून सांगतो.”