माठातला वाळा

वडील भूगोलाचे मास्तर. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास त्यांनी घरामागच्या ओढ्याच्या उतारावर वाळा लावला, तेव्हा मंगळवार पेठेतल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "मास्तर, गवत लावलं, म्हैस कवा आणताय?" वडील शांतपणे सांगत, की वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात, शिवाय त्याचे जांभळट तुरे दिसायलाही छान. शेजारी मान डोलावत आणि पुन्हा म्हशीचं विचारत.

उताराच्या अगदी कडेला आईचं न्हाणीघर होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिनं परसात साडीच्या आडोशाला, उजाडायच्या आत अंघोळ उरकली होती. आतून कडी लावता येणारी ती एवढीशी जागा तिला राजवाड्यासारखी होती.

वाळा फोफावला. एका उन्हाळ्यात आईनं एक गड्डा उपटला, मुळं धुतली आणि माठात टाकली. इथंच घात झाला. पहिलाच पाहुणा पेला खाली ठेवत म्हणाला, "वैनी, पाणी हाय का अमृत?" आमच्याकडं पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू त्याच्या पिशवीत घालायचीच, अशी रीत. त्यानं नको-नको म्हणायचं, आपण "न्या की वो" म्हणायचं, शेवट दोघांनाही ठाऊक असतो. वाळ्याचा एक गड्डा त्याच्या पिशवीत गेला. मग व्याही आले, विहिणी आल्या, जोतिबाला निघालेले लांबचे नातलग वाट वाकडी करून पाणी प्यायला आले. वडील कळवळून म्हणायचे, "अगं, माती धरतोय त्यो."

"आन् माणसं कुणी धरायची?" आई विचारायची. याला भूगोलात उत्तर नव्हतं. पुढं हेडमास्तरांनी पाण्याची तारीफ केली, तेव्हा शेवटचा गड्डा वडिलांनी स्वतःच खणून दिला.

त्याच पावसाळ्यात उतार खचला. न्हाणीघर आधी कललं आणि मग बंबासकट ओढ्यात गेलं.

बघायला सगळी पेठ लोटली. हळहळून झाल्यावर आईनं सगळ्यांना पाणी दिलं. शेजारच्या बाईंनी पेला रिकामा केला आणि म्हणाल्या, "वैनी, पाणी मातुर झकास हाय. एखादं मूळ ऱ्हायलंय का?"

मला त्यांचा भयंकर राग आला.  आईनं माठात हात घातला, उरलेलं एकुलतं मूळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं, आणि आडोशाला बांधायची जुनी साडी शोधायला आत गेली.