आबांची बटणं

वडिलांसाठी मी मोबाईलचं ॲप बनवलं आणि त्यात ‘नको’चं बटण ठेवायला विसरलो.

लकव्यानं आबांची वाचा गेली होती. मी भोरला कारकून; कॉम्प्युटरशी संबंध अर्ज टाइप करण्यापुरता. पण व्हिडिओ बघून शिकायला बसलो. ॲप बनवायच्या त्या पद्धतीत पडद्यावरची प्रत्येक वस्तू म्हणजे विजेट. अक्षर विजेट, बटण विजेट, दोन बटणांमधली मोकळी जागासुद्धा विजेट. डब्यात डबा ठेवावा तसं बसवत जायचं. डबा मावला नाही की कडेला पिवळेकाळे पट्टे उमटायचे, रस्त्याचं काम चालू असल्यासारखे. माझ्या पडद्यावर बरेच दिवस रस्त्याचंच काम चाललं होतं.

शेवटी जमलं. पाणी, चहा, औषध, उठून बसव, पाठ खाजव. दाबलं की आधी भरून ठेवलेला माझाच आवाज बोलायचा.

रविवारी एसटीनं गावी, पासलीला गेलो. भात कापणीला आलं होतं आणि खाटेवरच्या आबांना दारातून खाचर दिसत होतं. चालत्या हाताशी मोबाईल धरला. त्यांनी ‘चहा’ दाबलं. आतून आई म्हणाली, “ठिवलाय, ठिवलाय.” मी एवढा फुगलो की शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

त्याच भरात म्हणालो, “आबा, आता भोरला चला. डॉक्टर जवळ आहेत. येताय ना?”

आबांनी ‘पाणी’ दाबलं. मग ‘औषध’. मग पुन्हा ‘पाणी’, बोट आपटून आपटून. माझाच आवाज पाणी मागत राहिला. मी तांब्या लावला, तर पाणी हनुवटीवरून ओघळलं. बटण अडकतंय असं वाटून मी खाली मान घालून मोबाईल तपासत बसलो.

“भात घरात येऊ दे, मग बघू,” चहा घेऊन बाहेर आलेली आई म्हणाली.

“गडी कापतील की,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत गादी टाकून त्यांना भोरला आणलं. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसायची. आबांनी मोबाईलला पुन्हा बोट लावलं नाही. तिकडे भात झोडून व्हायच्या आत ते गेले.

तेरावं उरकल्यावर आईजवळ बसलो. म्हणालो, “त्यांना नको म्हणायचं होतं गं. मी तसलं बटणच ठेवलं नाही.”

आई तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

“बटन कशापायी लागतंय? मान हलवत व्हते की ते. तू मोबाईलात बघत व्हतास.”