भाचीची साक्ष

माझी भाची डॉक्टर व्हायला ज्या देशात गेली, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिचं शिक्षण अजून तिथंच चालू आहे आणि व्हिसा दरवर्षी नव्यानं मागावा लागतो, एवढं कारण पुरे. सोव्हिएत संघ फुटल्यावर जे देश वेगळे झाले, त्यांतला तो एक. आमच्या सोलापूर जिल्ह्यातली कितीतरी मुलं तिकडं जातात. सरकारी कॉलेजात नंबर लागला नाही की एजंट घरी येऊन नकाशा पसरतात.

मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. भवानी पेठेतल्या घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. थोरली बहीण मंद्रूपला दिलेली. दाजींचं तिथं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. भाची ही त्यांची एकुलती एक. लहानपणापासून सुट्टीत माझ्याकडं राहायची, त्यामुळे आईला सांगायचं नसेल ते ती मला सांगते.

पहिलं वर्ष ती तिथल्या वसतिगृहात राहिली. मग एका म्हातारीच्या फ्लॅटमध्ये तिनं आणि तिच्या वर्गातल्या दुसऱ्या एका भारतीय मुलीनं मिळून खोली घेतली. म्हातारी एकटी. कम्युनिस्ट राजवटीत गणवेश शिवायच्या कारखान्यात शिलाई करायची, कारखाना बंद पडल्यावर घरी बसून कपडे दुरुस्त करायला लागली. मुलगी कामासाठी दुसऱ्या देशात. भाचीनं तिला आज्जी म्हणायला सुरुवात केली आणि म्हातारीला तो शब्द आवडला. आमची शेंगाची चटणी ती काळ्या पावाला लावून खाते, हे मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. तोंड पोळलं तरी सोडत नव्हती.

पुढचं सगळं मला बऱ्याच उशिरा कळलं. एका दुपारी पोलीस आले. परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी तपासायची होती. म्हातारी दारात उभी राहिली आणि म्हणाली, कोर्टाचा कागद दाखवा, त्याशिवाय घरात येता येणार नाही, तसा कायदा झालाय. तिनं तो कायदा टीव्हीवर ऐकला होता. एका पोलिसानं तिला ढकललं. ती चौकटीवर आपटली आणि उजवं मनगट मोडलं. पोरींना ठाण्यात नेऊन संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. कागदपत्रं ठीक निघाली, तेव्हा सोडून दिलं. का नेलं ते कुणी सांगितलं नाही.

हे ऐकल्यावर मी आधी वकिलासारखेच प्रश्न विचारत सुटले. कागद दाखवला का, पंच कोण होते, डॉक्टरांनी काय लिहिलं. भाची म्हणाली, "मावशी, तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही."

त्या आठवड्यात मी त्या देशाची राज्यघटना इंग्रजीतून वाचून काढली. वाचताना हेवा वाटावा अशी. न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुणाच्या घरात शिरायचं नाही. ताब्यात घेतलेल्या माणसाला त्याच्या भाषेत कारण सांगायचं, वकील द्यायचा. फौजदारी कायदाही नवा केलेला. पोलिसांच्या विरोधातल्या तक्रारींचा तपास पोलिसांनी करायचा नाही, त्यासाठी वेगळी नवी यंत्रणा. मी मनाशी म्हटलं, यात केस बसते. अगदी सरळ बसते.

म्हातारीनं तक्रार दिली होती. तिथल्या एका छोट्या कायदा मदत केंद्रातली तरुण वकील ती केस बघत होती. तिच्याशी व्हिडिओ कॉलवर माझं बोलणं झालं, भाची मध्ये बसून जमेल तसं भाषांतर करत होती. मी त्यांच्या घटनेचं कौतुक केलं तेव्हा ती बाई थकल्यासारखी हसली.

"कायदे लिहून द्यायला आमच्याकडं खूप लोक आले," ती म्हणाली. "बाहेरचे तज्ज्ञ आले, परिषदा झाल्या. दार वाजवणारा पोलीस मात्र जुनाच राहिला. त्याला कुणी परिषदेला बोलावलं नाही."

तिला साक्षीदार हवे होते. ढकललं ते बघणाऱ्या या दोनच पोरी. दुसरीनं सरळ नकार दिला आणि सामान उचलून वसतिगृहात गेली. मी तिला दोष देत नाही. राहिली आमची.

मी मंद्रूपला गेले. दाजींना फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. बाजारचा दिवस असल्यानं दुकानात गर्दी होती. गिऱ्हाईक ओसरेपर्यंत मी आत बहिणीजवळ बसले. दाजी आले, सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच कानडी शब्द बोलले. ब्याड. नको. निर्वाणीचं बोलायचं झालं की ते कानडीत बोलतात.

मग मराठीत म्हणाले, "तितं आपण शिकायला पाठवलंय, त्यांच्या सरकारशी भांडायला न्हाय. उद्या व्हिसा अडकवला तर तुमी काय करणार? तुमचं सोलापूरचं कोर्ट तितं चालतंय का?"

मी म्हटलं, नाही चालत. कायदा तिच्या बाजूनं आहे, हेही सांगितलं. दाजी म्हणाले, कायदा त्या म्हातारीच्या बाजूनंही होता की. बहिणीनं फक्त एवढंच विचारलं की त्या बाईला करून कोण घालतं आता. मी म्हटलं, तुझी मुलगी.

आम्ही इकडं वाद घालत होतो, पण भाचीनं आधीच ठरवून टाकलं होतं. नव्या यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन तिनं साक्ष दिली. दुभाषी होता, वकील शेजारी होती, अधिकारी नीट बोलले, पाणीसुद्धा विचारलं. त्या दिवशी तिचा आवाज इतका मोकळा होता की मलाच बरं वाटलं. दाजींना बहिणीनं हळूहळू सांगितलं. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

नंतर त्यांच्याकडं सरकार बदललं. नव्या सरकारनं फौजदारी कायद्यात पुन्हा सुधारणा केली आणि ती वेगळी यंत्रणाच बंद करून टाकली. तिच्याकडची सगळी प्रकरणं ज्या त्या पोलीस ठाण्याकडं परत गेली. आधी घेतलेल्या साक्षी धरायच्या की नाही, याबद्दल नव्या कायद्यात काही लिहिलेलंच नव्हतं. म्हणून साक्ष पुन्हा द्या, असा निरोप आला. ज्या ठाण्यात तिला बसवून ठेवलं होतं, त्याच ठाण्यात.

त्याच सुमारास आपल्याकडचे फौजदारी कायदेही बदलले होते. बार रूममध्ये आम्ही जुन्या कलमाचा नवा नंबर शोधत बसायचो आणि एकमेकांची थट्टा करायचो. पण मला हसू येत नव्हतं.

भाची ठाण्यात गेली. दुभाषी म्हणून तिथलाच एक कारकून बसवला होता, त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. वकील बाईला बाहेर थांबवलं. म्हातारी स्वतः पडली असेल, तुला नीट दिसलं नसेल, असं तिला परत परत सुचवत राहिले. ती प्रत्येक वेळी नाही म्हणाली. शेवटी जो कागद सहीला पुढं केला, त्यात काय लिहिलंय ते तिला पुरतं वाचता येईना. तिनं सही केली नाही. त्यानंतर तिच्या व्हिसाचा कागद बरेच दिवस कुठंतरी अडकला. कॉलेजच्या कार्यालयातून कुणीतरी गोडीत सांगितलं की विद्यार्थ्यांनी अभ्यासाकडं लक्ष द्यावं. मी दूतावासाला मेल पाठवले. त्या देशाच्या कायद्यांचा आदर करावा, असं सभ्य उत्तर आलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आम्ही तोच करतोय.

याच काळात इथल्या एका कॉलेजनं मला मानवी हक्क दिनाला भाषणासाठी बोलावलं. विषय मीच सुचवला होता, साम्यवादी राजवटीनंतरच्या देशांतल्या कायदेविषयक सुधारणा. मी नाव-गाव न सांगता हीच हकिकत सांगितली. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. खाली उतरल्यावर संयोजक म्हणाले, "छान झालं मॅडम. फक्त शेवटी काहीतरी सकारात्मक हवं होतं." मी चहा न घेताच निघाले. राग त्यांच्यावर नव्हताच खरं तर.

व्हिसा अखेर आला. प्रकरण मात्र बंद झालं. निकालाचा कागद भाचीनं मला फोनवर एकेक वाक्य मराठीत करून ऐकवला. आतापर्यंत तिला ती भाषा चांगली येऊ लागली होती. इजा तक्रारदाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाली, साक्षीदारानं कागदावर सही करण्यास नकार दिला, त्यामुळं साक्ष ग्राह्य नाही. ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या सही न करण्यामुळं गेलं का?" मी म्हटलं, नाही, तू बरोबर केलंस. वकील म्हणून मी हे छातीठोकपणे सांगू शकते. पण ते तिच्या गळी उतरलं नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं.

तिथल्या त्या वकील बाईनं वरच्या कोर्टात अपील केलंय. म्हातारीला आता त्यात रस उरलेला नाही. ती डाव्या हातानं शिवायला शिकते आहे आणि टाके वाकडे पडतात म्हणून चिडते.

या दिवाळीला मी मंद्रूपला गेले. दाजी इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. फराळाचं ताट पुढं ठेवून समोर बसले आणि म्हणाले, "त्या म्हातारीचं काय झालं मग?" मी अपिलाचं सांगितलं. तारीख कधी आहे, त्यांनी विचारलं. अजून लागलेली नाही, मी म्हटलं.

"तुमचं वकील लोकांचं लई अवघड हाय," दाजी म्हणाले. "पोरगी दोनदा खरं बोलली की. अजून किती वेळा बोलायचं तिनं?"

बहीण आतून आणखी चिवडा घेऊन आली. दाजी उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिले, आणि मी ताटाकडं.