चाळिसावी टाचणी

आमच्या यानावरच्या कॅमेऱ्याचे कपडे शिवणाऱ्या बाईंना सगळे शिवणकाकू म्हणतात. हसू नका. अवकाशातल्या थंडीत कॅमेरा गारठू नये म्हणून त्याला चकचकीत पापुद्र्यांची दुलई लागते, आणि ती काकू हातानं शिवतात. ध्रुवावरच्या आकाशात जो हिरवा प्रकाश नाचतो ना, त्याचा जमिनीवरून एखादा तुकडाच दिसतो. आम्हाला वरून त्याचं अख्खं वर्तुळ टिपायचं होतं. त्या एका कॅमेऱ्यापायी माझी अकरा वर्षं गेली होती.

काकूंच्या डबीत चाळीस टाचण्या. शिवून झालं की त्या मोजायच्या, मगच दुलई हातची सोडायची, हा त्यांचा नेम. उड्डाण चार दिवसांवर आलं होतं आणि माझ्या तर कायमच नाकावर राग. "पुरे हो काकू तुमचं मोजणं, द्या इकडे!" म्हणत मी दुलई अक्षरशः ओढून नेली आणि कॅमेऱ्यावर चढवली.

तासाभरात भर बैठकीत काकू उभ्या राहिल्या. "एक टाचणी कमी भरतेय. दुलई देण्याआधी मोजायचं माझ्याकडून राहिलं. कॅमेरा उघडा."

संचालकबाई कडाडल्या, "आत टाचणी सापडली नाही, तर उद्यापासून येऊ नका." काकूंच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, घरी यजमान अंथरुणाला खिळलेले. आणि मी? मूग गिळून बसलो. सांगतानाही लाज वाटते.

दुलई उसवली. टाचणी कॅमेऱ्याच्या झाकणाच्या बिजागरीत रुतली होती. वर गेल्यावर ते झाकण उघडलंच नसतं. काकूंची नोकरी वाचली, पण लेखी ताकीद मिळालीच.

तीन महिन्यांनी पहिलं चित्र आलं. काळ्या पृथ्वीच्या डोक्यावर सबंध हिरवं वर्तुळ! मी रडलो, खोटं कशाला बोलू? काकूंना हाताला धरून पडद्यासमोर आणलं आणि संचालकबाईंच्या देखत सांगून टाकलं, "त्या दिवशी घाई मी केली. ती ताकीद माझी आहे. काकू, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

"घाई तुमची, हे मला का ठाऊक नव्हतं?" चित्रावरची नजर न काढता काकू म्हणाल्या.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही पडलात तापट. दोन दिवस भांडत बसला असता, साहेब. आणि टाचणी आत होती."