नाव लिहायचं नाही

संघप्रिया मानसशास्त्रात एमए झाली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तिच्या वडिलांना एकच विचारलं, पोरगी वेड्यांची डॉक्टर झाली का? ईश्वरराव बिचारे समजावून सांगून दमले. पुढं तिला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात एचआरची नोकरी लागली आणि लोकांचा प्रश्न मिटला. तिचा तिथंच सुरू झाला.

चार वर्षं बाईंनी काय केलं, तर रजेचे अर्ज, पीएफचे कागद आणि वाढदिवसाचे केक. शिकलेलं आत खुपत होतं. शेवटी अपघात टळतील असं सांगत, मॅनेजर दिग्विजय साहेबांच्या मागं लागून तिनं कामगारांची एक पाहणी मंजूर करून घेतली. झोप लागते का, कामावर रडू येतं का, असे वीस प्रश्न. नाव लिहायचं नाही, हे प्रत्येक खात्यात जाऊन तिनं घसा बसेपर्यंत सांगितलं.

लोकांनी नाव लिहिलंच नाही. वरच्या कोपऱ्यात आपला टोकन नंबर तेवढा टाकला. रजेला नंबर, गणवेशाला नंबर. नंबराशिवाय कागद म्हणजे कचरा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं.

शिलाई खात्यातल्या मायाक्काचा फॉर्म संघप्रियानंच भरला. मायाक्का पन्नाशीची, नवरा अंथरुणाला खिळलेला. टॉवेलची कड मारण्यात तिचा कुणी हात धरू शकत नसे, पण लिहिता येत नव्हतं.

"खरं सांगू, का बरं वाटंल असं सांगू?" तिनं विचारलं.

"खरंच सांगा, मावशी. माझ्यापलीकडं जाणार नाही."

"मग लिव. झोप न्हाय. मशीनवर बसलं की हात थरथरत्यात. सुईखाली बोट जाईल म्हणून लई भ्या वाटतंय."

सांगून झाल्यावर तिनं पेन मागून घेतलं आणि वर दोनशे चौदा असा आकडा घातला. आकडे तेवढे तिला येत. संघप्रियाला कौतुकच वाटलं.

संध्याकाळी गठ्ठा चाळताना मात्र तिच्या ध्यानात आलं, नंबरावरून माणूस ओळखू येतो. जवळजवळ प्रत्येक कागदावर नंबर. कोपरे उडवायला अर्धा तास पुरला असता. कात्री तिनं हातात घेतलीही. पण मूळ कागदाला हात लावला की पाहणी खोटी ठरते, असं कॉलेजात शिकवलेलं, आणि बाईंचा अभ्यास पक्का. कात्री खाली ठेवून तिनं गठ्ठा कपाटात घातला. अक्कल पाजळायला नेमकी हीच वेळ सापडली.

दोन महिन्यांनी परदेशी ऑर्डरी तुटल्या. अकरा माणसं कमी करायची ठरलं. साहेबांनी गठ्ठा मागितला, "फक्त टक्के बघतो," म्हणाले. तिनं दिला. दुसऱ्या दिवशी यादी आली. अकरा नंबर आणि सगळ्यांपुढं एकच शेरा, कामास मनाने अयोग्य.

ती भांडली, रडली. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, अपघात टळतील असं तुम्हीच म्हणाला होता की. झाला ना पाहणीचा उपयोग?"

राजीनामे लिहून घ्यायचं कामही एचआरचं. स्वतःचाही लिहावा असं तिच्या मनात आलं. घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. तिनं तो लिहिला नाही. त्याची लाज तिला अजून वाटते.

मायाक्का समोर येऊन बसली. एक वाकडा शब्द बोलली नाही. संघप्रियानं 'घरगुती कारणामुळे' असं लिहिलं, तिनं अंगठा उठवला. मग हळूच म्हणाली, "दुसऱ्या कारखान्यात असलंच इचारलं तर काय सांगू, पोरी? तू शिकलेली हायस, म्हणून इचारते."

संघप्रियानं पेन खाली ठेवलं.

"झोप छान लागते, म्हणा. हात थरथरत नाहीत, म्हणा. कुणी कितीही मायेनं विचारलं तरी खरं सांगू नका, मावशी. मी विचारलं तरी."

मायाक्कानं मान हलवली. विसरू नये म्हणून ते शब्द पुटपुटत ती दाराकडं गेली. बाहेर अजून दहा जण थांबले होते.