आधी घरच्या बोलीत: रामटेके मॅडमचा जीवशास्त्राचा वर्ग

शालिनी रामटेके मॅडमची आणि माझी ओळख एका खिशावरून झाली. घाटंजीत माझं शिलाईचं दुकान. मॅडम इथल्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला नव्यानेच आल्या होत्या आणि प्रयोगशाळेसाठी पांढरा ॲप्रन शिवायला घेऊन आल्या. मापं झाल्यावर म्हणाल्या, "चाचा, खिसा खोल ठेवा. बोंड, पान, अळी, समदं मावलं पाहिजे."

"अळी? खिशात?"

"मंग कुठी ठेवू? पर्समध्ये?"

मी कोपरापर्यंत हात जाईल असा खिसा शिवला. मॅडम तो ॲप्रन घालून गावातून चालायच्या तेव्हा लोक वळून वळून बघायचे. मी मात्र छाती पुढे काढून सांगायचो, शिलाई आपली आहे!

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ. यात मोठमोठे प्राध्यापक लिहितील. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं मराठी मी कपडे बांधायच्या रद्दीत वाचून शिकलो. तेव्हा टाका वाकडातिकडा पडला तर सांभाळून घ्यावं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की लोक पान उलटायचे. दिवाळीलाही नवे कपडे शिवायला कोणी येत नसे. अशा दिवसांत माझी मुलगी शमीम मॅडमच्याच कॉलेजातून बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी पास झाली आणि बी.एस्सी.ला यवतमाळला गेली. दिवाळीही उजाडली नव्हती तोच बॅग घेऊन परत आली.

"मले नाही जमत, अब्बा," एवढंच बोलली आणि दुकानात काज करायला बसली. हळूहळू तिच्या अम्मीकडून कळलं. कॉलेजात सरांनी पेशीबद्दल इंग्रजीत विचारलं. हिने पाठ केलेली व्याख्या धडाधडा म्हटली. सर म्हणाले, आता तुझ्या शब्दांत सांग. हिच्याकडे स्वतःचे शब्दच नव्हते. वर्ग हसला, ही खाली बसली ती बसलीच. पोरीच्या हाती पुन्हा पुस्तक येतं की जन्मभर सुईदोराच राहतो, हा आमच्या घरापुढचा प्रश्न होता.

मॅडमच्या कानावर गेलं. त्या दुकानात आल्या, शमीमशेजारी स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता हिला रागावतील. पण त्या मला म्हणाल्या, "चाचा, चूक पोरीची नाही, आमची आहे. आम्ही तिले पास केलं, तयार नाही केलं." मग इकडेतिकडे पाहून, "तुमची मागची खोली रिकामी राहते का?"

अशी त्या वर्गाची सुरुवात झाली. बारावीनंतर विज्ञानाला जाऊ पाहणाऱ्या आणि तिथून परत आलेल्या मुलामुलींचा वर्ग. वेचणीच्या दिवसांत पोरं शेतात असायची, म्हणून मॅडमनी बाजाराचा दिवस धरला. बाजाराच्या दिवशी मजूर कामाला जात नाहीत. बाहेर भाजीवाल्यांचा गलका, आत पेशी आणि ऊती.

पहिल्याच तासाला गंमत झाली. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, येताना घरून सरकी, म्हणजे कापसाचं बी आणा, तिच्यावरचे केस पाहायचे आहेत. आमची शेतकऱ्यांची गुणी पोरं! पेरायच्या आधी सरकी शेणात घोळतात, हे त्यांनी आजीपासून पाहिलेलं. मॅडमसमोर कच्ची सरकी कशी न्यायची, म्हणून सगळ्यांनी शेणात छान घोळून, वाळवून, गोटीसारखी गुळगुळीत करून आणली. पाहायला केसच शिल्लक नव्हते.

मॅडम पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "बरं, काहून घोळता, ते सांगा."

"एकमेकीले चिकटते ना मॅडम, हातातून सुटत नाही."

"काय चिकटते?"

"केस."

"मंग आता ऐका. सरकीवरचा एकेक केस म्हणजे एकच पेशी. कापसाचा तंतू बी तसाच केस, बोटाच्या पेराएवढा लांब. तुम्ही परीक्षेत काय लिहून आले? पेशी डोळ्यांना दिसत नाही! अन् तुम्ही तर ओटीत भरभरून वेचून राह्यले."

दुकानात मशीन चालवता चालवता मी हे ऐकलं आणि माझा पाय थांबला. हातातल्या रिळाकडे पाहतच राहिलो. ज्या कापसाच्या नावाने जिल्हा सुस्कारे टाकत होता, त्याचं नाव त्या खोलीत कोणी तरी अभिमानाने घेत होतं.

मॅडमचा नियम एकच: शिकलेलं आधी घरच्या बोलीत घरच्या माणसाला सांगायचं, मग पुस्तकी मराठीत, मग इंग्रजीत. आणि घरच्या माणसाने एक तरी प्रश्न विचारलाच पाहिजे. शमीमने चुलीपाशी अम्मीला कापसाची पेशी समजावली. माझी बेगम भाकरी थापता थापता म्हणाली, "अच्छा. मगर ये जिंदा रहती क्या मरी हुई?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच शमीम मॅडमच्या दारात उभी. बोंड मिटलेलं असतं तोवर जिवंत, उमललं की मेलेली, नुसती भिंत उरलेली, असं उत्तर घेऊन परत आली. वर मॅडमचा निरोप, "अम्मीले सांग, प्रश्न लय भारी होता." बेगमने तो निरोप सगळ्या मोहल्ल्यात पोचवला. पण मला आनंद वेगळाच झाला. परत आल्यापासून पोरगी पहिल्यांदाच कुणी न सांगता काही विचारायला घराबाहेर पडली होती.

मॅडमना राग फार लवकर येतो, हेही लिहिलं पाहिजे. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या एका मुलाने अळीला त्याच्या बोलीतला शब्द सांगितला, तेव्हा पोरं खिदळली. मॅडमनी खडू आपटला. तो शब्द फळ्यावर सगळ्यात वर लिहिला, त्याखाली मराठी, त्याखाली इंग्रजी. "ज्याले हसू येते त्यानं बाहेर जाऊन कांदे घ्यावे," म्हणाल्या. कांदे घ्यायला कोणीच गेलं नाही.

पुढच्या जूनमध्ये शमीम पुन्हा यवतमाळला गेली. मी दिवसभर उलटसुलट शिवत होतो. एका संध्याकाळी शेजारच्या टेलिफोन बूथवाल्याने हाक मारली. शमीम होती. "अब्बा, सरांनी आज विचारलं. मी आधी मनात अम्मीले सांगितलं, मंग इंग्रजीत बोलले. अडखळले. दोघं-तिघं हसले बी. पण पुरं सांगूनच खाली बसले."

मी तसाच, गळ्यात टेप घेऊन मॅडमच्या घरी धावलो. डोळे भरलेले, तसंच दारातूनच सगळं सांगून टाकलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "मंग तिची जागा रिकामी झाली, चाचा. घरी बसलेली दुसरी कोण आहे, पाहा बरं."

तेव्हापासून मी पाहतोच आहे आणि दर वर्षी कोणी ना कोणी सापडते. म्हणून तथागतांची करुणा आणि अल्लाहची मेहेर मॅडमवर कायम राहो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, नजर तेज राहो, रागही आहे तसाच राहो. आराम करा असं त्यांना कोणी सांगू नये. या भागात घरी बसलेल्या मुली अजून पुष्कळ आहेत, आणि माझी मागची खोली झाडून ठेवलेली आहे.